उजळाईवाडीचं वडाप

कल्पना करा, सकाळचे सात चाळीस झालेत. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीच्या विमानतळावर दोन पंख्यांचं, बहात्तर सीटचं एक विमान तुमच्यासमोर येऊन थांबलं आहे. आठ वाजून पाच मिनिटांनी ते परत उडालं पाहिजे. म्हणजे तुमच्या हातात पंचवीस मिनिटं. तेवढ्यात आतली माणसं उतरवायची, त्यांच्या बॅगा काढायच्या, सीटच्या फटीत अडकलेले चिवड्यातले शेंगदाणे वेचायचे, इंधन मोजून घ्यायचं, नव्या बॅगा तोल सांभाळून भरायच्या, नवी माणसं बसवायची आणि दार लावायचं. सोळाव्या मिनिटाला कुणीतरी एक फोन तुमच्या कानाला लावतं. पलीकडचा आवाज म्हणतो, "साहेब कावळा नाक्यावर आलेत. पाचच मिनिटं थांबवा."

काय कराल?

निशा कांबळे तो फोन ज्याचा त्याला परत देते आणि हातातल्या घड्याळाकडे बघते. मयूरा एअर या लहान कंपनीचं कोल्हापूरचं काम ती सात वर्षं सांभाळते आहे. सात वर्षांत तिनं माणसासाठी एकदाही विमान थांबवलेलं नाही. त्यामुळे कोल्हापुरात तिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं तिच्या बहात्तर सीटच्या विमानात बसवली, तर बऱ्याच सीट रिकाम्या राहतील.

तिचा स्वभावही मदतीला येत नाही. ती जोरात बोलते, हसत नाही. मोठ्या माणसाला बघून उठून उभी राहत नाही. बेंगळुरूच्या ट्रेनिंगमध्ये पुण्याच्या मुली तिच्या 'मी जातो, मी सांगतो' या कोल्हापुरी बोलण्याला हसायच्या. ती आजही तसंच बोलते.

या धंद्यात उशीर झाला की नुसतं 'उशीर झाला' म्हणून चालत नाही. प्रत्येक उशिराला दोन आकडी नंबर आहे. प्रवासी उशिरा आला तर अकरा. केबिनची सफाई लांबली तर पस्तीस. आधीच्या गावाहूनच विमान उशिरा आलं तर त्र्याण्णव. नंबर लिहिला की उशिराला मालक मिळतो, आणि महिन्याच्या शेवटी तो उशीर त्या मालकाच्या अंगावर येतो. निशाला हे नंबर तोंडपाठ आहेत. खोटा नंबर लिहिण्याची तिला शिसारी आहे, आणि ती शिसारी घरातून आलेली आहे.

तिचे वडील अण्णासो कांबळे मूळचे नेसरीचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गडहिंग्लजच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडायचे. निशा दहा वर्षांची असताना नेसरीला नवी गाडी सुरू झाली. एका पुढाऱ्याला ती नारळ फोडूनच सोडायची होती. पुढारी चाळीस मिनिटं उशिरा आला. गाडी उन्हात उभी, आत बाया-पोरं घामाघूम. नारळ फुटला, गाडी गेली. वहीत उशिराचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा अण्णासोंनी पुढाऱ्याचं नाव लिहिलं नाही. लिहिलं, 'टायर पंक्चर'.

टायरचं काम ज्याच्याकडे होतं, त्या फिटरला जाब विचारला गेला. आठ दिवसांनी तो फिटर कांबळ्यांच्या दारात आला. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "अण्णासो, कुठला टायर फुटलता रं? मला न्हाय दिसला." आणि निघून गेला.

निशा तेव्हा दाराआड उभी होती. बापाला मान खाली घालताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. अजूनही बापलेकीत भांडण झालं की ती तोच टायर काढते.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर गगनराज एअरलाइन्स नावाची मोठी कंपनी कोल्हापुरात उतरली. एकशे ऐंशी सीटचं जेट विमान. त्याला आणायला विमान प्रवासी कृती समितीनं वर्षभर निवेदनं दिली होती. समितीचे अध्यक्ष हंबीरराव. ते एका साखर कारखान्याचे चेअरमनही आहेत. पहिल्या दिवशी हलगी-घुमक्याचा कडकडाट, वैमानिकाला फेटा, हवाई सुंदरींना नारळ. त्या गर्दीत निशाचं पंख्याचं विमान कोपऱ्यात उभं होतं. हंबीरराव त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ह्या वडापात कोण बसतंय?"

कोल्हापुरात वडाप म्हणजे दहा जणांच्या जागेत पंधरा माणसं कोंबून गावोगाव पळणारी जीप. शब्द चिकटला. रिक्षावाले विचारू लागले, "विमानाला जाणार का वडापाला?"

घरी तो शब्द आणखी लागला. अण्णासोंनी नोकरीभर वडापवाल्यांशी वैर केलं होतं. "पन्नास सीटची माझी गाडी रिकामी धावायची, आणि म्होरनं ती जीप माझी माणसं उचलून न्यायची," ते चिडून म्हणाले. "जीपवाल्यानं माडी बांधली. आम्ही भारमान लिवत बसलो. आन आता माझी लेक वडाप चालवती व्हय?"

"आबा, माडी कुणी बांधली म्हणालात?" निशानं विचारलं.

भारमान म्हणजे गाडीच्या किती सीट भरल्या याचा शेकडा हिशोब. अण्णासोंना त्यातलं सगळं कळत होतं. फक्त लेकीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

डिसेंबरात बेंगळुरूच्या मुख्य कचेरीतून निशाला पत्र आलं. मार्चअखेर कोल्हापूरचा मार्ग फायद्यात दिसला नाही, तर विमान दुसऱ्या गावाला जाईल. इथलं कार्यालय बंद, अकरा माणसं घरी. बारावी निशा.

त्याच आठवड्यात कृती समितीची बैठक झाली. हंबीररावांनी टेबलावर हात आपटला. "गगनराजच्या विमानात सरासरी चौऱ्याऐंशी माणसं. ह्यांच्यात त्रेचाळीस. सांगा, मोठं कोण?"

निशा उठली. "चेअरमनसाहेब, त्या विमानाचा खर्च निघायला त्यांच्या स्वस्त तिकिटात एकशे पस्तीस माणसं लागत्यात. माझा खर्च शेहेचाळिसाव्या माणसाला निघतो. आज तीन कमी पडत्यात, सत्तेचाळिसावा चढला की मी फायद्यात. तुमचा चौऱ्याऐंशीवा चढला तरी अजून एक्कावन्न जणांचा खड्डा हाय. मोठं कोण ते तुमीच सांगा."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे वडापच की! भरल्याबिगर हालत न्हाय!"

हशा झाला. निशा मागे वळली. "वडाप भरल्याबिगर हालत न्हाय. मी रिकामी असलो तरी टायमाला हालतो. फरक कळत नसंल तर उद्या दुपारी येऊन बघा."

हंबीररावांनी तिला न्याहाळलं. "आडनाव काय म्हणालात मॅडम तुमचं?"

"कांबळे. नेसरीची. खर्चाचा आकडा आडनावानं बदलत न्हाय."

हशा थांबला. त्या दिवसापासून वैर उघड झालं.

पण नुसत्या तोंडानं मार्ग वाचत नाही. निशानं जानेवारीत दोन कामं केली. पहिलं काम म्हणजे वेळ बदलून घेतली. विमान तेव्हा दुपारी एकला सुटायचं. ती शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत एकेक करून गेली. काळ्या वाळूत, भट्टीच्या धगीत उभी राहून मालकांना विचारलं, तुम्ही बेंगळुरूला रात्रीच्या बसनं का जाता? सगळ्यांचं उत्तर एकच होतं. दुपारी विमानानं पोचून करायचं काय? गिऱ्हाईक सकाळी भेटतं. सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला येता आलं तर तिकिटाला तिप्पट देऊ. स्वस्त तिकीट त्यांना नकोच होतं, दिवस वाचवणारं हवं होतं. निशानं कचेरीशी तीन आठवडे भांडून सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी फेरी मिळवली. विमानाच्या पोटात नमुन्याच्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, पेट्या जाऊ लागल्या, त्यांचंही भाडं मिळू लागलं.

दुसरं काम पंचवीस मिनिटांचं. हे विमान दिवसाला सहा फेऱ्या करतं. जमिनीवर उभ्या विमानाचंही भाडं, पगार, विमा सगळं चालूच असतं. ते कमावतं फक्त हवेत. सकाळी कोल्हापुरात गेलेली पंधरा मिनिटं संध्याकाळपर्यंत साठत जातात आणि शेवटची फेरी रद्द होते. पाच फेऱ्यांच्या कमाईत सहा फेऱ्यांचा खर्च भागत नाही. म्हणून निशा प्रत्येक मिनिटावर डोळा ठेवून असायची.

सफाईच्या ठेकेदाराकडे चिमणाबाई नावाची पन्नाशीची बाई होती. तिला निशानं केबिनसाठी आठ मिनिटं दिली. चिमणाबाईनं चार दिवस शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी तिनं कामाची रीतच बदलली. एकीनं पुढून, एकीनं मागून सुरुवात करायची, मधल्या ओळीत भेटायचं, आणि सीटचे पट्टे जाता जाता फुलीसारखे टाकायचे. सात मिनिटांत विमान लख्ख.

"बाई, ह्या एका मिंटाचं काय देणार?" चिमणाबाईनं विचारलं.

"काय देऊ?"

"मला इच्यारू नगासा. द्यायचं आसंल तर द्या, न्हायतर गप ऱ्हावा."

निशानं ठेकेदाराच्या मागे लागून दोघींची रोजची मजुरी वीस रुपयांनी वाढवून घेतली. कचेरीनं त्यावरही स्पष्टीकरण मागितलं.

जानेवारीच्या शेवटी एक अवघड गोष्ट घडली. हंबीररावांच्या कारखान्यात नवी यंत्रं बसत होती. त्यांच्या माणसांना सकाळचीच फेरी सोयीची होती. मग वैर बाजूला ठेवून त्यांनी महिन्याला चाळीस सीटचा करार केला. सही करताना म्हणाले, "वडापाला गिऱ्हाईक लागतंय न्हवं? घ्या." निशानं कागद घेतला. त्या चाळीस सीटवर मार्चअखेरचा निकाल ठरणार, हे तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

फेब्रुवारीच्या मधल्या एका मंगळवारी तो फोन आला, तुमच्या कानाला लावला होता तोच. सोळावं मिनिट. माणसं बसली होती, बॅगा भरल्या होत्या. काउंटर बंद होऊन अर्धा तास उलटला होता. निशानं फोन परत दिला. वैमानिकानं खिडकीतून अंगठा वर केला. दार लागलं. आठ वाजून चार मिनिटांनी विमान हललं.

आठ वाजून सहा मिनिटांनी हंबीरराव आत शिरले. बरोबर एक पाहुणे होते. पाहुण्यांच्या हातात कोल्हापुरी चपलांचा खोका आणि गळ्यात हार. उशीर त्या हारामुळेच झाला होता. पाहुणे जातायत म्हटल्यावर कारखान्यावर सत्कार, मग चार शब्द, मग नाश्ता. पाहुण्याला असंच कसं जाऊ द्यायचं?

"विमान कुठाय?" हंबीररावांनी विचारलं.

निशानं काचेतून बोट दाखवलं. विमान धावपट्टीच्या टोकाला वळत होतं.

"परत बोलवा."

"ते काय वडाप हाय व्हय, बोलवलं की यायला?"

"ए पोरी, तोंड सांभाळ. विमान तुझ्या बापाचं हाय का?"

"बापाचं असतं तर त्यानं थांबवलं असतं," निशा म्हणाली. "म्हणून तर मी थांबवत न्हाय."

हे उत्तर हंबीररावांना कळलं नाही. पण सगळ्या हॉलसमोर आपल्याला उत्तर मिळालं, एवढं कळलं. पाहुण्यांनी हळूच गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. दुपारपर्यंत चाळीस सीटचा करार रद्द झाला.

बेंगळुरूच्या कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. "पाच मिनिटांसाठी महिन्याला चाळीस सीट घालवल्या?"

"आज पाच मिनिटं थांबलो, तर उद्यापासनं कोल्हापुरातला प्रत्येक साहेब कावळा नाक्यावर चहा पिऊनच येणार," निशा म्हणाली. "चाळीस सीट परत मिळवता येतील. ती सवय परत घेता येणार न्हाय."

"मार्चमध्ये बघू," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रविवारी अण्णासो तिला म्हणाले, "थांबवलं असतंस तर काय बिघडलं असतं? अकरा घरं हायत तुझ्या मागं."

"मग नंबर काय लिवू, आबा? टायर पंक्चर?"

अण्णासो ताटावरून उठले.

निशा पुन्हा शिरोलीला गेली. चाळीसपैकी सव्वीस सीट तिला मिळाल्या. पण फाउंड्रीवाले तिकीट आदल्या दिवशी काढतात, त्यामुळे एका सीटचा दर कारखान्याच्या दराहून बराच वर होता. मार्चअखेर आकडे आले. कोल्हापूरचा मार्ग फायद्यात होता. फार नाही, विमानाच्या पंख्याचं एक पातंही त्या पैशात आलं नसतं. पण रेघेच्या वर होता. विमान राहिलं. अकरा माणसं राहिली.

तिकडे गगनराजचं वेगळंच चाललं होतं. त्यांचा इथला अधिकारी धैर्यशील हा निशाचा जुना सहकारी. गोड बोलणारा, सगळ्यांना हवासा. तो कुणालाच नाही म्हणायचा नाही. दर आठवड्याला कुणाचा तरी सत्कार विमानाच्या शिडीपाशी व्हायचा. एप्रिलमध्ये एकदा हंबीररावांचे हार, भाषणं, फोटो यांत सव्वा तास गेला. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्यानं मर्यादा असते, आणि त्या दिवशी आधीच उशीर झालेला होता. आता त्यांचे तास भरत आले होते. ते उतरून हॉटेलवर गेले. एकशे ऐंशी सीटचं विमान दिवसभर उन्हात उभं राहिलं. प्रवाशांना खोल्या, जेवण, परतावा. धैर्यशीलनं उशिराचा नंबर लिहिला, पस्तीस. केबिन सफाई.

ठेकेदाराला दंड बसला. त्यानं गगनराजकडच्या दोन सफाईवाल्या बाया काढल्या. त्यातली एक तानाबाई, चिमणाबाईची जाऊ.

निशा धैर्यशीलच्या टेबलाशी गेली. "पस्तीस का लिवलास?"

"अगं, मग काय लिहू? चेअरमनसाहेब?"

"व्हय."

"तसा नंबर नाही सिस्टीममध्ये. आणि असता तरी लिहिला नसता. तू शहाणी आहेस, पण तुला जगायचं कळत नाही."

जूनमध्ये गगनराज गेलं. एका पत्रकात चार ओळी, मागणी अपुरी. त्यांच्या विमानात शेवटच्या दिवशीही निशाच्या विमानापेक्षा जास्त माणसं होती. कृती समितीनं मात्र कारण वेगळं सांगितलं. एका अधिकारी बाईच्या हटवादीपणामुळे कोल्हापूरचं वातावरण बिघडलं आणि मोठं विमान गेलं. रिक्षावाल्यानं निशाला सरळ विचारलं, "मॅडम, तुमीच घालवलं म्हणं?" ती भाडं देऊन उतरली.

तिला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण फायदा बघून बेंगळुरूच्या साहेबांना हुरूप आला. कोल्हापूर चाललंय ना, मग मोठं विमान लावू. सप्टेंबरात मयूरा एअरनं एकशे ऐंशी सीटचं विमान भाड्यानं घेतलं. निशानं तीन पानी पत्र लिहिलं. सकाळी जाणारे फाउंड्रीवाले पन्नास-साठच आहेत, सीट वाढवून ते वाढणार नाहीत, सीट भरायला तिकीट स्वस्त करावं लागेल, मग तिप्पट देणारेही स्वस्तातच बसतील. एका ओळीत उत्तर आलं. 'कंपनी वाढली पाहिजे.'

पहिल्या उड्डाणाला प्रमुख पाहुणे हंबीरराव. बेंगळुरूनंच बोलावलं होतं. हलगी आली, घुमकं आलं, फेटे आले. हंबीररावांनी पेढा निशाच्या तोंडापुढे धरला. "घ्या मॅडम. वडापाचं विमान झालं!" मग त्यांचं भाषण. मग साहेबांचं भाषण. मग फोटो, परत फोटो, कारण पहिल्या फोटोत कुणाचा तरी फेटा कापला गेला होता. निशा घड्याळ बघत उभी. साहेबांनी तिला आधीच बजावलं होतं, आजचा दिवस थांबायचं.

विमान बेचाळीस मिनिटं उशिरा उडालं.

फेटेवाले गेल्यावर चिमणाबाई खराटा घेऊन पाकळ्या लोटायला आली. "बाई, आज माजी किती मिंटं झाली?"

मोठ्या विमानाला तिला बारा मिनिटं होती. "अकरा," निशा म्हणाली.

निशा टेबलाशी बसली. उशिराची नोंद उघडी होती. नंबरची चौकट रिकामी. बेंगळुरूहून मेसेज आला. '35 टाका.'

तिनं काचेतून बघितलं. चिमणाबाई वाकून झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होती. पस्तीस लिहिलं की ठेकेदाराला दंड, आणि ठेकेदार दंड कुणाकडून वसूल करतो ते तानाबाईच्या वेळी दिसलं होतं. न लिहिलं, तर मुख्य कचेरीशी तिचं उघड भांडण, आणि या वेळी वाचवायला फायद्याचा आकडाही फार काळ हाताशी नसणार.

तिनं चौकट रिकामी ठेवली. मेसेजला उत्तर लिहिलं.

संध्याकाळी अण्णासोंनी विचारलं, "काय लिवलंस?"

"कायच न्हाय. त्यांनाच इच्यारलंय."

अण्णासोंनी स्वतः उठून तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

ती नोंद अजून उघडीच आहे. नव्या विमानाच्या पहिल्या महिन्याचे आकडे आलेत. सरासरी एक्क्याण्णव माणसं, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, आणि मार्ग पुन्हा रेघेच्या खाली. बेंगळुरूहून दर सोमवारी आठवण येते, चौकट भरा. दर सोमवारी निशा तोच प्रश्न परत पाठवते. चिमणाबाईचं काम अकरा मिनिटांत झालं होतं, माणसं वेळेवर आली होती, वैमानिक तयार होते. मग ही बेचाळीस मिनिटं कुणाची?